भिंत, राजवाडा आणि नानवांगचा उंचवटा

अध्यक्ष महोदय, संयोजक मंडळी आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘चिनी राजवंशांची भव्य बांधकामे’ असा छापलेला आहे आणि तो वाचताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे डोंगरमाथ्यांवरून वळणे घेत जाणारी भिंत आली असेल. भिंतीविषयी मी बोलणार आहे, बीजिंगच्या राजवाड्याविषयीही बोलणार आहे. परंतु त्यांच्या आधारे मला जे सांगायचे आहे ते आरंभीच सांगते. सम्राटांच्या चीनमध्ये जी अवाढव्य कामे झाली, त्यांची थोरवी आपण लांबी-उंचीत शोधत राहतो; मला ती त्यांच्यामागच्या मोजमापात, हिशेबात आणि वर्षानुवर्षे चाललेल्या डागडुजीत दिसते. ज्या राजवटीला ही तीन कामे जमली, तिच्या वास्तू टिकल्या किंवा जळून गेल्यावर पुन्हा उभ्या राहिल्या. माझी सारी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामात गेली, त्यामुळे मुख्य उदाहरण म्हणून मी एक कालवा निवडला आहे आणि त्याला अधिक वेळ देणार आहे.

प्रथम भिंतीविषयीचा एक समज दूर करू. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत ऐकले आहे आणि आजही ते सामान्यज्ञान म्हणून मुलांकडून पाठ करून घेतले जाते. या भिंतीची रुंदी काही मीटर आहे आणि रंगाने ती भोवतालच्या दगडमातीत मिसळून गेलेली आहे. 2003 साली यांग लिवेई हा पहिला चिनी अंतराळवीर पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला, तेव्हा आपल्याला भिंत दिसली नाही असे त्याने सांगितले. आणि तो तर चंद्राच्या तुलनेत पृथ्वीच्या हजारपट जवळ होता. दुसरे असे की, एकच अखंड भिंत अशी काही वस्तू नाही. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रेषांवर उभारलेल्या भिंती, खंदक, बुरूज यांची मोजणी चीनच्या सरकारने 2012 साली जाहीर केली, ती 21,196 किलोमीटर भरली. आपण छायाचित्रांत पाहतो ती विटांची भिंत मिंग राजवंशाची, म्हणजे 1368 ते 1644 या काळातली. तिची लांबी 8,851 किलोमीटर धरतात, आणि त्यातही दोन हजारांहून अधिक किलोमीटर डोंगरकडे आणि नद्या यांसारखे नैसर्गिक अडथळे आहेत. ज्या ठिकाणी डोंगरच शत्रूला अडवतो तेथे भिंत बांधायची नाही, हा निर्णय मला भिंत बांधण्याइतकाच शहाणपणाचा वाटतो.

आता राजवाडा. मिंग घराण्याचा तिसरा सम्राट योंगल याने राजधानी नानजिंगहून उत्तरेला बीजिंग येथे नेण्याचे ठरवले. 1406 साली आज्ञा निघाली, मुख्य बांधकाम 1417 ते 1420 या काळात झाले आणि 1421 च्या चिनी नववर्षाला नव्या राजवाड्यात पहिला दरबार भरला. त्यानंतर चार महिनेही झाले नसतील, मे महिन्यात वीज पडून समारंभाचे तिन्ही मुख्य प्रासाद एका रात्रीत जळून गेले. सम्राटाला हा दैवी कोप वाटला. त्याने अधिकाऱ्यांना मोकळेपणाने टीका करण्यास सांगितले, आणि राजधानी हलवल्यामुळेच हे घडले असे ज्या शियाओ यी नावाच्या अधिकाऱ्याने लिहिले, त्याला देहदंड दिला. ते प्रासाद 1441 साली पुन्हा उभे राहिले. 1557 मध्ये पुन्हा जळाले, पुन्हा बांधले गेले. 1597 मध्ये तिसऱ्यांदा जळाले आणि 1627 पर्यंत त्यांचे काम चालले. मिंगांच्या नंतर आलेल्या छिंग राजवंशाच्या काळात, 1679 साली, मुख्य प्रासाद आणखी एकदा जळाला. आज पर्यटक ज्याच्यापुढे उभे राहतात ती इमारत 1695 साली सुरू झालेल्या पुनर्बांधणीतली आहे.

जी वास्तू अडीचशे वर्षांत चार वेळा भस्मसात होते आणि तरीही तिची मांडणी, तिची दिशा आणि तिचा दरारा कायम राहतो, ती टिकली असे म्हणायचे की नाही? आपल्याकडे दगडात कोरलेल्या लेण्यांवर आपली दृष्टी घडलेली आहे आणि म्हणून ‘प्राचीन’ या शब्दाबरोबर आपल्याला मूळ दगड अपेक्षित असतो. चीनच्या राजवास्तू मुख्यतः लाकडाच्या आहेत. भार सगळा खांबांवर आणि तुळयांवर असतो, भिंती केवळ आडोशासाठी असतात, आणि खाचेत कूस बसवून केलेले सांधे भूकंपात थोडे हलून पुन्हा जागेवर येतात. अशी इमारत उतरवता येते, तिचा एखादा खांब बदलता येतो, आणि ती जळाली तरी ती कशी बांधायची हे ज्ञान शिल्लक असेल तर ती परत बांधता येते. मात्र त्यासाठी लाकूड लागते, आणि ते लाकूड बीजिंगच्या आसपास नव्हते.

राजवाड्याच्या खांबांना लागणारे नानमू जातीचे उंच वृक्ष नैर्ऋत्येच्या जंगलांत, सिचुआन आणि त्याच्या लगतच्या प्रदेशांत, मिळत. ते तोडायचे, दरीतून ओढून नदीवर आणायचे, पावसाळ्यात नदी फुगली की यांगत्सेत सोडायचे आणि तेथून कालव्याने उत्तरेला न्यायचे, असा तो प्रवास अनेक वर्षांचा असे. या कामावर योंगलने सोंग ली नावाच्या मंत्र्याला पाठवले होते. त्याने डोंगरात वाटा खोदल्या. मिंग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात अशी नोंद आहे की, त्याला मिळालेले काही प्रचंड ओंडके एका रात्री मेघगर्जनेसारखा आवाज करीत आपोआप दरीतून निघून नदीवर पोहोचले आणि वाटेतले गवताचे पातेही वाकले नाही. दरबाराने हा शुभशकुन मानला आणि त्या डोंगराला दैवी लाकडाचे नाव देण्यात आले. ज्या शेकडो लोकांनी ते ओंडके ओढले असतील, त्यांच्याविषयी त्या नोंदीत अक्षरही नाही. मला या कथेचा राग येतो आणि तिच्यामुळेच मी सोंग लीच्या मागे लागले. कारण हाच माणूस पुढे कालव्यावरच्या नानवांग या गावी भेटतो आणि तेथे मात्र एका सामान्य माणसाचे नाव त्याच्यामुळे इतिहासात राहते.

कालव्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. चीनच्या मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. धान्य दक्षिणेत पिकते, आणि राजधानी व सैन्य बहुतेक काळ उत्तरेत असते. म्हणजे राज्याला जी दिशा हवी त्या दिशेने एकही नदी जात नाही. ही अडचण सुई राजवंशाचा सम्राट यांगदी याने इसवी सन 605 ते 610 या अवघ्या पाच-सहा वर्षांत सोडवली. जुने तुकडे जोडून आणि नवे खोदून त्याने दक्षिणेतल्या हांगचौपासून उत्तरेतल्या आजच्या बीजिंगच्या परिसरापर्यंत जलमार्ग तयार केला. किंमत भयंकर होती. 605 साली दहा लाखांहून अधिक स्त्री-पुरुष वेठीला धरले गेले असे जुना इतिहास सांगतो, आणि 608 साली उत्तरेच्या कालव्यासाठी पुरुष पुरेनात म्हणून पुन्हा स्त्रियांना खोदाईवर नेण्यात आले. त्यातच कोरियावरच्या फसलेल्या स्वाऱ्यांची भर पडली, बंडे उसळली आणि 618 मध्ये सुई राजवंश संपला. कालव्याचा लाभ त्याच्यानंतर आलेल्या तांग घराण्याला मिळाला.

सोंग राजवंशाच्या काळातली एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. पाण्याच्या पातळीत फरक असेल तेथे त्या काळी नावा उतरणीवरून दोरखंडांनी ओढून वर चढवीत. त्यात धान्याने भरलेल्या नावा फुटत, आणि नाव फुटली की गोंधळात धान्याची चोरी होई; चोरी करणारे पुष्कळदा तेथलेच ओढेकरी आणि त्यांचे साथीदार असत. 984 साली ह्वाइनान भागातील वाहतूक अधिकारी छ्याओ वेइयुए याने यावर उपाय म्हणून सुमारे 50 पावलांच्या अंतरावर दोन दरवाजे बसवले. नाव मध्ये घ्यायची, मागचा दरवाजा बंद करायचा, आतले पाणी पुढच्या पातळीला आणायचे आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. जगातील अशा दुहेरी जलद्वाराची ही पहिली ज्ञात नोंद आहे. युरोपात ही रचना येण्यास सुमारे चार शतके लागली. धान्यचोरांना आळा घालण्यासाठी निघालेली ही युक्ती पुढे जगभरच्या कालव्यांनी उचलली.

आता तेराव्या शतकात येऊ. मंगोल सम्राट कुबलाई खानाने आजच्या बीजिंगच्या जागी आपली राजधानी वसवली. जुना कालवा पश्चिमेकडे मोठा वळसा घेत होता, तो टाळून शानदोंग प्रांतातून सरळ उत्तरेला जायचे असे ठरले आणि 1289 साली जीनिंगच्या बाजूने लिनछिंगपर्यंत हुइतोंग कालवा खोदण्यात आला. 1293 मध्ये क्वो शौजिंग या थोर खगोलज्ञाने आणि जलतज्ज्ञाने राजधानीच्या वायव्येकडील झऱ्यांचे पाणी आणून शेवटचा टप्पाही पुरा केला. नकाशावर मार्ग तयार झाला, पण शानदोंगच्या तुकड्यात पाणी पुरेना. नावा रुतून बसत, आणि मंगोलांचे बहुतेक धान्य शेवटपर्यंत समुद्रमार्गानेच गेले. पुढे 1391 मध्ये पीत नदीला महापूर आला आणि तिच्या गाळाने हा कालवा बुजून गेला.

पाणी का पुरत नव्हते? सभागृहात पाटबंधारे खात्यातले कोणी असतील तर त्यांना उत्तर एव्हाना सुचले असेल. त्यांनी कृपया शेजाऱ्याला सांगू नये. मंगोल काळातल्या अभियंत्यांनी वेन नदी अडवून तिचे पाणी जीनिंग येथे कालव्यात सोडले होते आणि तेथून ते दक्षिणेला व उत्तरेला वाटले जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. दक्षिणेला ते सुखाने जाई. उत्तरेच्या वाटेवर मात्र नानवांग नावाचे गाव होते आणि ते जीनिंगपेक्षा उंचावर होते. सपाट दिसणाऱ्या मैदानात हा चढ डोळ्यांना जाणवत नाही. पातळी काढली तरच कळतो. म्हणजे पाणी चढावर सोडलेले होते, आणि ते जसे वागायला हवे तसेच वागत होते.

1411 साली योंगलने हा कालवा पुन्हा सुरू करण्याचे काम सोंग लीकडे सोपवले. त्याच्या हाताखाली 1,65,000 मजूर देण्यात आले. जुनाच मार्ग गाळ काढून मोकळा केला असता तर जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली असती. येथे बाई यिंग हा वेनशांग तालुक्यातला गावकरी या कथेत येतो. मिंग काळात गावातले तंटे आणि सार्वजनिक कामे पाहण्यासाठी वडीलधाऱ्या माणसांची नेमणूक होत असे, तशा पदावरचा हा मनुष्य होता. त्याने सोंग लीला सांगितलेली योजना अशी: वेन नदी खूप वरच्या बाजूला, दाइत्सुन येथे अडवावी, तेथून वेगळ्या पाटाने पाणी थेट नानवांगला, म्हणजे संपूर्ण मार्गाच्या सर्वांत उंच ठिकाणी आणावे, आणि तेथेच त्याची वाटणी करावी. महाबळेश्वराच्या परिसरात माथ्यावर पडलेल्या पावसाचे जसे दोन वाटे होतात, एक सावित्रीतून कोकणात उतरतो आणि दुसरा कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला मिळतो, तसे पाणी माणसाच्या हाताने दोन दिशांना सोडायचे, अशी ही कल्पना होती.

सोंग लीने ती मान्य केली. दाइत्सुनला पाच ली, म्हणजे अंदाजे अडीच किलोमीटर लांबीचा बंधारा बांधण्यात आला. नानवांगला पाणी ज्या ठिकाणी कालव्यात शिरते त्याच्या समोरच्या काठाला दगडी तट घातला गेला, म्हणजे प्रवाहाचा मारा तो झेलेल आणि पाणी दोन्हीकडे वळेल. अधिकृत इतिहासानुसार दहापैकी सहा वाटे उत्तरेला आणि चार दक्षिणेला जात. लोकांच्या तोंडी सात वाटे सम्राटाकडे आणि तीन दक्षिणेला असा हिशेब आहे. नानवांगहून उत्तरेला लिनछिंगपर्यंत जमीन चिनी मापाने 90 फूट उतरते, तेथे 17 दरवाजे बसवले. दक्षिणेला 116 फूट उतरते, तेथे 21. एकूण 38 दरवाजांच्या पायऱ्यांनी नाव चढायची आणि उतरायची. पावसाळ्यातले जादा पाणी साठवण्यासाठी कालव्यालगतची सरोवरे बांध घालून राखून ठेवली होती आणि कोरड्या महिन्यांत त्यांतून पाणी सोडले जाई. हे सारे वाचताना मला आपल्या धरणांवरचे आवर्तनाचे तक्ते आठवत होते.

हा कालवा सुरू झाल्यावर 1415 पासून समुद्रमार्गाने धान्य पाठवणे थांबले. पुढे दरवर्षी 40 लाख शी धान्य उत्तरेला पाठवण्याचे प्रमाण ठरले; एक शी म्हणजे ढोबळमानाने शंभर लिटर. सुमारे 12,000 नावा आणि सव्वा लाखाच्या आसपास सैनिक या वाहतुकीवर असत. बीजिंगच्या राजवाड्याच्या मिंग काळातल्या पुनर्बांधण्यांचे लाकूड याच वाटेने आले, त्याच्या फरशीच्या विटा सूचौहून याच वाटेने आल्या, आणि लिनछिंगच्या भट्ट्यांतल्या विटा तर उत्तरेला जाणाऱ्या धान्याच्या नावांवर सक्तीने चढवल्या जात. ठरावीक विटा घेतल्याशिवाय नाव पुढे जाऊ देत नसत. राजवाडा पाहायला लाखो माणसे जातात. त्याला चारशे वर्षे पोसणाऱ्या नानवांगच्या उंचवट्याचे नाव आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत मला आढळलेले नाही, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती आज मी या व्यासपीठावरून नोंदवते.

पण या कालव्याची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाजू पुढेच आहे. वेन नदी पाण्याबरोबर वाळू आणते, आणि प्रवाह जेथे दोन दिशांना फुटतो तेथे त्याचा वेग मंदावून ती सगळी वाळू नेमकी नानवांगलाच बसते. म्हणून दर हिवाळ्यात वाहतूक बंद करून, दोन्हीकडून तात्पुरते बांध घालून, कालवा कोरडा करून गाळ उपसावा लागे. ठरलेल्या वर्षांनी मोठी उपसणी आणि मधल्या वर्षी लहान. थंडीत गुडघाभर चिखलात उभे राहून हे काम चारशे वर्षे माणसांनी केले. उपसलेल्या गाळाच्या टेकड्या काठाने तयार झाल्या. दरवाजे केव्हा उघडायचे याचेही नियम होते: पुरेशा नावा जमल्याशिवाय पाणी सोडायचे नाही, कारण एका नावेसाठी दरवाजा उघडला तर पुढच्या दहा नावांचे पाणी वाया जाते. आणि या शिस्तीची दुसरी बाजूही आहे. शानदोंगमधल्या शेकडो झऱ्यांचे पाणी कालव्यासाठी राखीव होते. शेतकऱ्याने ते आपल्या शेताकडे वळवले तर तो गुन्हा होता आणि शिक्षा सीमेवरच्या सैनिकी हद्दपारीपर्यंत जाई. पिके डोळ्यांसमोर सुकत असताना बांधावरून वाहणाऱ्या पाण्याला हात लावायचा नाही, हे दुःख ज्यांनी कालव्याच्या शेवटच्या टोकाची शेती पाहिली आहे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. त्या कोरड्या शेतांसकट हा कालवा थोर आहे असे मी म्हणते, आणि तसे म्हणताना मला जड जाते.

बाई यिंगविषयी अधिकृत इतिहासात अर्धे वाक्य आहे: वेनशांगच्या बाई यिंगची योजना वापरली. एवढेच. मात्र नानवांगला सोंग लीचे मंदिर झाले, तेव्हा त्याच्यासोबत बाई यिंगलाही स्थान मिळाले. सोंग ली 1422 मध्ये पदावर असतानाच वारला. स्वभावाने तो कठोर होता आणि हाताखालच्यांना त्याचा धाक होता असे लिहिलेले आहे. त्याच्यामागे घरात संपत्ती उरली नव्हती असेही लिहिलेले आहे.

अध्यक्षांनी वेळेची सूचना दिली आहे, म्हणून पत्रिकेवरच्या विषयाचा उरलेला भाग मला आता झपाट्याने मांडावा लागेल.

मोजमापाचा मुद्दा सोंग राजवंशाच्या एका सरकारी ग्रंथावरून स्पष्ट होतो. ली जिए या अधिकाऱ्याने सिद्ध केलेला ‘यिंगत्साओ फाशी’ हा बांधकामाचा नियमग्रंथ 1103 साली छापला गेला. सरकारी बांधकामांत साहित्य आणि मजुरी फुगवून दाखवली जात असे, तिला लगाम घालणे हा त्यामागचा हेतू होता. त्यात लाकडाच्या प्रमाण-मापाचे आठ दर्जे ठरवले आहेत. इमारत जितकी मानाची तितका मोठा दर्जा. त्या मापाची उंची 15 भाग आणि रुंदी 10 भाग, आणि तुळईपासून टेकूंपर्यंत सर्व अवयव याच भागांत मोजायचे. एकदा दर्जा ठरला की सुताराला प्रत्येक तुकड्याचे माप माहीत असते आणि हिशेबनिसाला त्याचे लाकूड. मजुरीसुद्धा ऋतूप्रमाणे मोजली आहे: उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाला एक दशांश काम अधिक, हिवाळ्यातल्या लहान दिवसाला एक दशांश कमी. विसाव्या शतकात लियांग सिचेंग आणि लिन ह्वेयिन या दांपत्याने हा विसरला गेलेला ग्रंथ समजून घेण्यासाठी देशभर जुन्या इमारती मोजल्या आणि 1937 मध्ये वूताई पर्वतावरचे, 857 साली बांधलेले फोगुआंग मंदिर शोधून काढले. तुळईच्या खालच्या अंगावरची पुसट अक्षरे प्रथम लिन ह्वेयिन यांच्या नजरेला पडली. आपल्या मुलाचे नाव त्यांनी ली जिएच्या स्मरणार्थ ठेवले होते. याच लिन ह्वेयिन 1924 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले तेव्हा त्यांच्या दुभाषांपैकी एक होत्या, हेही येथे सांगावेसे वाटते.

जबाबदारीचा पुरावा नानजिंगच्या तटात आहे. चौदाव्या शतकात होंगवू सम्राटाने बांधलेल्या, सुमारे 35 किलोमीटर लांबीच्या त्या तटाच्या विटांवर ती कोणत्या जिल्ह्यातून आली, देखरेख कोणाची होती, भट्टी कोणाची आणि वीट पाडणारा कोण, ही नावे छापलेली आहेत. वीट कच्ची निघाली तर जाब कोणाला विचारायचा हे विटेवरच लिहिलेले होते. आज त्या नावांमुळे आपल्याला हजारो सामान्य कारागिरांची नावे ठाऊक आहेत. शिक्षेच्या भयापोटी का होईना, ती उरली याचा मला आनंद आहे.

हिशेबाची गोष्ट मला विशेष प्रिय आहे, ती दोन मिनिटांत सांगते. राजवाड्यासाठी लागणाऱ्या संगमरवराच्या प्रचंड शिळा फांगशानच्या खाणीतून, सुमारे 70 किलोमीटरवरून, आणाव्या लागत. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्या हिवाळ्यात आणल्या गेल्या: दर ली अंतरावर एक विहीर खोदून, रस्त्यावर पाणी ओतून, गोठलेल्या बर्फावरून घसरगाडीने. त्याला 20,000 माणसे, 28 दिवस आणि एक लाख दहा हजार ल्यांगांहून (ल्यांग हे चांदी तोलण्याचे चिनी वजन) अधिक चांदी लागली. 1596 मध्ये आतले दोन महाल जळाले आणि काम ह शंगरुई या अधिकाऱ्याकडे आले. त्याने सोळा चाकांचा गाडा बनवला, 1,800 खेचरे जुंपली, आणि शिळा 22 दिवसांत सात हजार ल्यांगांहूनही कमी चांदीत आणली. ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि साहित्य व मजुरीच्या हिशेबात लबाडी केल्याचा ठपका ठेवून त्यालाच पदावरून दूर करण्यात आले. त्याच्या मुलाने वडिलांवरचा कलंक धुऊन काढण्यासाठी सगळे आकडे लिहून ठेवले, म्हणून ते आज माझ्या हातात आहेत.

भिंतीला आता दोनच वाक्ये मिळतील. 1568 नंतर सेनापती छी जिग्वांग याने बीजिंगच्या उत्तरेला भिंतीवर हजाराच्या आसपास पोकळ विटांचे बुरूज उभारले आणि सैनिक, शस्त्रे व धान्य तेथेच ठेवण्याची सोय केली, म्हणजे भिंत प्रथमच राहती झाली. आणि 1644 मध्ये छिंग राजवंशाचे मांचू सैन्य आत आले ते भिंत फोडून आले नाही, शानहाई खिंडीचा दरवाजा वू सांगुई या मिंग सेनापतीने त्यांच्यासाठी उघडला.

कालव्याचा शेवट सांगून थांबते. एकोणिसाव्या शतकात बंडाळी आणि रिकामा खजिना यांमुळे उपसणी आणि बांधांची डागडुजी मागे पडली. 1855 मध्ये पीत नदीने काठ फोडून आपला प्रवाह उत्तरेकडे वळवला आणि शानदोंगमध्ये कालवा मधोमध कापला गेला. 1901 साली धान्याची ही वाहतूक सरकारने कायमची बंद केली आणि नानवांगला गाळाखाली शेते झाली. जीनिंगपासून दक्षिणेला मात्र कालवा आजही वाहता आहे आणि त्यावरून कोळसा, वाळू, सिमेंट वाहणाऱ्या नौकांच्या रांगा जातात. 2013 मध्ये यांगत्सेचे पाणी उत्तरेच्या तहानलेल्या प्रदेशाला पुरवण्याची योजना सुरू झाली, तिचा पूर्वेकडचा मार्ग बराचसा याच जुन्या कालव्याच्या वाटेने जातो. तो चढ आजही तेथेच असल्याने 13 टप्प्यांवर पंप बसवून पाणी दोंगपिंग सरोवरापर्यंत उचलावे लागते, आणि तेथून पुढे ते पीत नदीच्या तळाखालच्या बोगद्यातून आपल्या उताराने उत्तरेला जाते. ते सरोवर ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बाई यिंगने बंधाऱ्यासाठी दाखवलेले दाइत्सुन आहे.